फुटबोर्डावरच्या तीन पट्ट्या

११ जानेवारी १९८७, रविवार

रोल मिळाला! बारा फोटोंचा. छिंदवाड्याला गेलेल्या आमच्या ऑफिसच्या बडेबाबूंनी आठवणीनं आणला. पुढच्या रविवारी नागपूरच्या जुन्या मोटारींची रॅली सौंसरला येऊन राहिली. दोनदा नागपूरला जाऊन पाहिली, पण तिथल्या गर्दीत गाड्यांपेक्षा डोक्यांचेच फोटो जास्त आले. यंदा रॅली आपल्या दारात. इंदू म्हणाली, बारांतला एक तरी बायकोचा काढा. कबूल केलं.

सीताबर्डीच्या रद्दीतलं इंग्रजी पुस्तक पुन्हा काढलं. कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत. पण स्पोर्ट गाड्या सगळ्या आहेत — चाकं, दिवे, जाळ्या, कोणत्या साली काय बदललं ते. शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो. तहसीलीत मला ‘मोटारबाबू’ म्हणतात. म्हणोत. मोटार सोडा, मला उतारावर सायकलचीही भीती वाटते.

१८ जानेवारी, रविवार

एकोणीस गाड्या. बोरगावच्या बाजूनं एकामागे एक आल्या. बहुतेक मोठ्या, लग्नाच्या वरातीत शोभाव्या अशा. खऱ्या स्पोर्ट गाड्या दोनच. एक पांढरी जग्वार — लांब नाक, मागची चाकं झाकलेली. पाहिल्याबरोबर मॉडेल सांगितलं. मालक खूष. ‘कोणत्या गॅरेजमध्ये असता?’ म्हणाले. म्हटलं, तहसीलीत, नकला विभागात.

दुसरी आपल्या सौंसरचीच — रघुनाथरावांची हिरवी एम.जी. दोन माणसांची, मागे जादा चाक बांधलेलं. संत्र्याच्या बागेतून वर्षातून एकदा बाहेर निघते. समोर पाटी: ‘एम.जी. टी.सी. कै. रामाजींनी १९४७ साली नवी कोरी घेतली.’ रघुनाथराव येणाऱ्या प्रत्येकाला वडिलांची गोष्ट सांगत होते. देश स्वतंत्र झाला आणि संत्रेवाल्या माणसानं साहेबाची वापरलेली जुनी नाही, शोरूममधली नवी गाडी घेतली! महायुद्धानंतरच्या गाड्यांच्या गटात त्यांना शील्डही मिळाली. मी तिच्यावर पाच फोटो खर्च केले.

बारावा इंदूचा. जग्वारचे मालक ‘बसा ना ताई’ म्हणाले. ती बसली नाही, पण बोट लावून उभी राहिली.

२५ जानेवारी, रविवार

सकाळच्या बसनं पांढुर्णा. प्रभाकरच्या स्टुडिओत फोटो तयार होते. झकास आले आहेत. एम.जी.चा एक तर असा की दाराखालच्या फुटबोर्डाची रबरी पट्टीन् पट्टी मोजावी. मोजल्या. तीन.

पुस्तक पिशवीतच होतं. टी.सी.ला फुटबोर्डावर दोन पट्ट्या. तीन असल्या तर गाडी युद्धाच्या आधीची. प्रभाकरकडून तेवढा कोपरा मोठा करून घेतला. तो म्हणाला, तू गाडी पाहतो की चप्पल?

२६ जानेवारी

झेंडावंदन. जिलबी. घरी येऊन पुन्हा मोजल्या — तीनच.

२८ जानेवारी, बुधवार

गाडी युद्धाआधीची, तर मग सत्तेचाळीस साली ती नवी कशी? म्हणजे रामाजींना कोणी फसवलं, नाहीतर रामाजींनी गावाला. आणि हे रघुनाथरावांना सांगणार कोण? मी? माझे बाबा, श्रावण, बावीस वर्षं त्यांच्या बागेत संत्री तोडत होते. फाटकाशी चपला काढायचे. मी काढत नाही. पण तिथं पोचलो की पाय आपोआप हळू पडतात.

इंदूला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, ‘तुमी त्यायच्या बापाले खोटं नाई म्हणून राहिले, गाडीचं वय सांगून राहिले.’ मग थोड्या वेळानं — ‘आन् सांगाचंच नसन, तं फोटो काहून काढता?’

फोटो आणि पुस्तक एका पिशवीत भरून ठेवलं.

१ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आलो.

रघुनाथराव बागेत होते, संत्र्याच्या पेट्या ठोकणं चाललं होतं. खुर्ची दिली. एम.जी.चा फोटो पाहून हरखले. फ्रेम करून बैठकीत लावतो म्हणाले. तेव्हा मी पट्ट्यांचं सांगितलं. पुस्तकाचं पानही दाखवलं.

त्यांनी फोटो खाली ठेवला. ‘श्रावणच्या पोरा, माह्या बापानं गाव फसवलं म्हून राहिला काय तू?’

मी म्हटलं, ‘भाऊसाहेब, मी काही म्हणत नाही. गाडी सांगून राहिली.’ चासीवरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा, नंबर पाहू द्या म्हणालो, म्हणजे माझी चूक असेल तर तीही कळेल. ते म्हणाले, चहा आला आहे, तो पी आणि जा.

चहा बसून, पूर्ण प्यायलो. फोटो तिथंच राहिला.

२ फेब्रुवारी

ऑफिसात लक्ष नाही. एकाच शेताच्या खसऱ्याची नक्कल दोनदा केली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रघुनाथरावांचा माणूस देवीदास तहसीलीत आला. रविवारी बागेत बोलावलं आहे. मी विचारलं, भाऊसाहेबांनी? तर म्हणे नाही, मायनं. माय म्हणजे अंबाबाई, रघुनाथरावांची आई. सत्तरी ओलांडलेली. तिच्याशी मी जन्मात बोललो नाही. इंदूनं शर्टाला इस्त्री केली. कशासाठी, तिलाही माहीत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस!

अंबाबाई उन्हात खाटेवर बसली होती, मांडीवर माझा फोटो. रघुनाथराव बाजूला उभे. ती मला म्हणाली, ‘तुले जे पायचं हाय ते पाय.’

घासलेटचं फडकं घेऊन गाडीच्या पुढच्या टोकाशी आडवा झालो. रंगाचे थरावर थर. अर्धा तास घासलं. आधी टी निघाला. मग बी. मी खालूनच ओरडलो, ‘टी.बी. आहे!’

‘कोणाले?’ रघुनाथराव घाबरून म्हणाले.

बाहेर येऊन समजावलं. ‘टी.बी.’ एकोणचाळीस सालचं मॉडेल. थोडे महिने बनलं, तेवढ्यात युद्ध लागलं आणि कारखान्यानं गाड्या बंद केल्या. साऱ्या जगात चारशेही बनल्या नाहीत. टी.सी. हजारांनी बनल्या. म्हणजे आपली गाडी नवी नव्हती हे खरं, पण आपण समजत होतो त्याहून कितीतरी दुर्मिळ आहे.

त्यांनी अर्धंच ऐकलं. ‘म्हंजे जुनीच घेतली बाबानं,’ म्हणाले.

‘हाव, जुनीच,’ अंबाबाई म्हणाली. ‘कामठीचा साहेब विलायतेले चालला होता, त्याची. सीट फाटली होती. म्याच शिवली. नव्या गाडीची सीट फाटलेली असते काय रे?’ रामाजी एकदा चारचौघांत नवी आहे असं बोलून बसले, मग शब्द मागे घेता येईना. हिरवा रंगही तेव्हाच दिला. चाळीस वर्षं ती गप्प राहिली.

रघुनाथराव गाडीत शिरले. सीट उलटवून शिवण शोधली. सापडली — गोधडीचा टाका. त्या टाक्यावरून बोट फिरवत बराच वेळ बसले. मग हसू लागले. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शील्ड परत करतो म्हणाले, ती युद्धानंतरच्या गाड्यांची आहे. पाटी स्वतः काढली. नवी पाटी मी लिहायची, आणि गाडीची नोंद व्हावी म्हणून विलायतेच्या एम.जी.वाल्यांच्या क्लबला पत्रही मीच लिहायचं.

निघताना पेटीभर संत्री सायकलला बांधून दिली. घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आलो.

१५ फेब्रुवारी, रविवार

विलायतेला पाठवायला फोटो हवा होता; रघुनाथरावांनी नवा रोल आणवला. अंबाबाईला स्टिअरिंगमागे बसवलं, कॅमेरा डोळ्याला लावला. तिनं रघुनाथरावांना किल्ली मागितली. ते म्हणाले, माय, नुसता फोटो काढायचा आहे. ‘दे,’ ती म्हणाली. ‘तुह्या बापाले कुठं चालवता येत होती? कामठीहून म्याच तं आणली होती.’

मी बटण दाबलं तोवर गाडी फाटकाबाहेर. फोटोत धूळ येईल, आणि तिच्यामागे धावणारे रघुनाथराव.