दुसऱ्या पुस्तकातला पेला

सोलापूर, ता. ४ जुलै १९३२

चि. सौ. सुंदरम्मा हिस मडिवाळप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक. शाळा उघडली, माझा घसा बसला. तू मागितलीस तशी आपल्या लाडक्या कादंबरीकाराची पहिली दोन पुस्तके पाठवतो. लिहिली त्याच क्रमाने वाच. तेव्हाचा त्याचा हात जरा कच्चा, पण गुन्हेगार हुडकायची भूक काय ती तेव्हाचीच! मी दोन्हींत निम्म्यावरच खुनी ओळखला. तू ओळखलास तर मास्तरकी सोडतो. दाजींच्या पोटदुखीचे काय ते कळव.

तुझा अण्णा

अक्कलकोट, ता. १९ जुलै

ती. मडिवाळप्पाअण्णास सुंदरम्माचे शरणार्थ. वि. वि. पुस्तकं पोचली. ह्यांना उठून बसवत नाही. दुकानाच्या वाटणीचं बोलणं काढलं आणि दुसऱ्याच आठवड्यात अंथरूण धरलं बघ. वैद्यांच्या पुड्यांनी उतार नाही. धाकटे भावोजी रुद्रप्पा लई करतात. रात्रीचं दूध स्वतः तापवून आणतात, मला पेल्याला हात लावू देत नाहीत. तुझी पत्रं तेच सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. माझीही टपालात टाकण्याआधी तेच वाचतात, चुका सुधारतात. तेव्हा थट्टा जरा बेतानं कर. मायेत अंतर पडू देऊ नको.

तुझी सुंदरम्मा

अक्कलकोट, ता. १ ऑगस्ट

ती. अण्णास सुंदरम्माचे शरणार्थ. वि. वि. दुसरं पुस्तक वाचलं, पण शेवट डोक्यात राहिला नाही. घरातलाच माणूस आजारी मालकाला रोज रात्री पेल्यातून काहीतरी देतो. ते बायकोच्या ध्यानात येतं. नवऱ्याला सांगितलं तर तो तिलाच रागावतो, घरच्या माणसावर आळ घेतेस म्हणून. तिला माहेरी एकच भाऊ, चांगला शिकलेला. त्याला कळवायचं कसं, ह्यातच ती झुरते. माझा जीव तिच्यासाठी तुटतो रे अण्णा. मग तिचा भाऊ येतो ना? कधी येतो? तेवढं बघून कळव. उशीर करू नको, मला झोप नाही.

तुझी सुंदरम्मा

सोलापूर, ता. ८ ऑगस्ट

चि. सौ. सुंदरम्मा हिस आशीर्वाद. वि. वि. वा गं शहाणे! पोट धरून हसलो. अगं, दुसऱ्या पुस्तकात पेलाही नाही आणि बायकोही नाही! खून होतो तो बंदरावर, गोळी घालून, आणि मेलेला माणूस बिनलग्नाचा. शाळेतल्या प्रतीवरून खात्री करून घेतली. ही कुठली गोष्ट रचलीस? पुस्तक रुद्रप्पांच्या हाती दे, ते नीट वाचून तुला समजावतील. दसऱ्याच्या सुट्टीत येतो, तेव्हा तोंडी परीक्षा घेईन. दाजींना नमस्कार. राग मानू नको, लोभ आहेच तो वाढव.

तुझा अण्णा

अक्कलकोट, ता. २३ ऑगस्ट

अण्णा,

शेजारच्या दानम्मा हे पत्र परस्पर टाकणार आहेत. काल पहाटे हे गेले. तुला तार केली असं भावोजी सांगतात, केली नसणार. माझ्या नावामागं आता सौ. लिहू नको.

तुझं पत्र भावोजींनी ह्यांच्या अंथरुणाशी बसून वाचलं. पेलाही नाही आणि बायकोही नाही, हे ऐकून हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. भावोजी हसले नाहीत. त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याकडून पुस्तक मागून घेतलं. त्या दिवसापासून मला ह्यांच्या खोलीत जाऊ दिलं नाही. हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं घरभर सांगितलं. हे आतून मला हाका मारत होते. मी दाराशी बसून ओ देत होते, तर सासूबाईंनी मला ओढत परसात नेलं.

मी पुस्तक विसरले नव्हते रे. तू एवढा हुशार, चुकीचं लिहिलं की तुला शंका येईल, धावत येशील, असं वाटलं होतं. दुसरं काय करणार होते मी?

आज वैद्यांसमोर मी तोंड उघडलं. भावोजींनी खिशातून तुझं पत्र काढून त्यांना दाखवलं. तिचा सख्खा भाऊच लिहितोय, ती गोष्टी रचते म्हणून. वैद्यांनी ते दोनदा वाचलं आणि मला झोपेची पुडी देऊन गेले.

तू ये. तुझ्यावर माझा राग नाही, असं लिहायला बसले होते. तेवढं मात्र लिहवत नाही.

सुंदरम्मा