मामाने निवडलेलं पुस्तक

प्रिय हिल्मी,

फोन उचलत नाहीस, कॉलेजात मला बघून जिना बदलतोस, म्हणून लिहितेय. शुक्रवारी नमाज आटोपून तुम्ही सगळे माझ्याकडे येणार, तुझ्या हातिमसाठी माझी मनार मागणार आणि फातिहा पढून बोलणी पक्की करणार. त्याआधी हे वाच. आणि अर्ध्यावर ठेवून चहा मागवू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

आधी त्या पुस्तकाचं बोलते, कारण अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. दुसऱ्या वर्षाच्या आनुवंशशास्त्राला पुस्तक लावायची बैठक; विभागप्रमुख तू, तो विषय शिकवून केस पांढरे केलेली मी. मी अस्यूतहून आणलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यात आपल्याच भागातल्या घराण्यांच्या वंशावळी होत्या, नात्यातल्या लग्नांवर अख्खं प्रकरण होतं. तू ते उघडलंसुद्धा नाहीस. म्हणालास, "ताई, डीनसाहेबांचं पुस्तक घरात असताना शेजाऱ्याच्या चुलीवर कशाला जायचं?" सगळे हसले. डीन डॉ. मुतवल्ली तर नव्या नवरीसारखे लाजले! आपली रीत मला ठाऊक आहे रे. परीक्षा ज्याच्या हातात, पुस्तक त्याचंच. पुस्तक विकत घेतल्याची खूण म्हणून मागच्या पानावरची चिठ्ठी फाडून, नाव घालून दिली नाही तर पोरांना वर्गातले गुण नाहीत. ही रीत काही तू काढली नाहीस. पण त्या पुस्तकात पहिल्या पानापासून वाटाणे, वाटाणे आणि वाटाणे! आपल्या मिन्यात वाटाण्यांची लग्नं लावतात का? असं विचारलं तर तू म्हणालास, "नियम तोच ना? वाटाणा काय नि माणूस काय!" उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बरं, माणसांवर एक ओळ आहे त्यात. वधूवर दोघेही निरोगी असतील तर नात्यातल्या लग्नापासून मुलांना धोका नाही, म्हणे. ही ओळ तुला मी बैठकीत वाचून दाखवली. तरी तू त्याच पुस्तकावर सही केलीस. हिल्मी, तुला तेव्हा झहरा आठवली नाही?

आपले आईबाबा सख्खे चुलत भाऊबहीण. बाबा उसाची मोळी एकटे खांद्यावर घ्यायचे, आई बाळंतपणाशिवाय कधी अंथरुणाला टेकली नाही. त्यांच्याहून निरोगी माणसं दाखव मला. आणि त्यांच्या पोटची आपली झहरा? रक्त चढवून आणलं की अंगणात तुला पळून पळून दमवायची, मग हळूहळू पुन्हा पिवळी पडायची. आजी म्हणायची, काळ्या काकवीनं रक्त वाढतं. म्हणून तू स्वतःच्या वाटणीची काकवी आणि तीळकूट भाकरीत घालून तिला भरवायचास. चढवलेल्या रक्तातलं लोह तिच्या काळजात साठतंय, काकवीनं तिचं काही भलं होणार नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा आपण अडाणी होतो. आज तू प्राध्यापक आहेस! आज तूच दुसऱ्यांच्या पोरांना अडाणी ठेवतोयस, तेही डीन खूश राहावेत म्हणून. ती गेली तेव्हा तू खाटेखाली लपून किती रडला होतास, ते मी अजून विसरलेले नाही.

मी माझं रक्त केव्हाच तपासून घेतलं. झहराचा आजार, थॅलेसेमिया, माझ्यातही अर्धा आहे; मला त्याचा त्रास नाही, पण मी तो पुढे देऊ शकते. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "आपल्या घराण्याचं नाव कशाला खराब करतेस?" आणि स्वतः कधी सुई टोचून घेतली नाहीस. परवा मनारला म्हटलं, फातिहाच्या आधी तुम्ही दोघं रक्त तपासा. तर कार्टी तेच पुस्तक घेऊन आली. ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. "आई, हे बघ, छापलंय. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आणि पुस्तक मामांनीच निवडलंय ना? ते काय हातिमचं वाईट चिंततील?" तुझ्यावर एवढा विश्वास आहे रे पोरीचा!

तरी मी तिला ओढत नेलं. काल तिचा अहवाल आला. माझंच तिच्यात उतरलंय. तिला अजून सांगितलेलं नाही. ती शुक्रवारच्या झग्याला बाह्या लावतेय आणि गुणगुणतेय. आता उरला हातिम; त्याच्यातही ते असलं, तर त्यांच्या पोटी पुन्हा एक झहरा जन्मू शकते. गुरुवारपर्यंत त्याला घेऊन रक्त तपासायला जा, आणि आधी तुझी स्वतःची बाही वर कर. लग्नाआधीच्या तब्येतीच्या दाखल्यावर न तपासता नुसता शिक्का मारून देणारा तुझा तो ओळखीचा डॉक्टर मला चालणार नाही. हातिममध्ये ते नसलं तर शुक्रवारचं शरबत मी माझ्या हातानं ढवळीन, सगळ्या गल्लीला वाटीन. असलं, तर मनारला समोर बसवून तूच सांगायचंस, तिच्या हातातलं पुस्तक मिटून. मी सांगून ती ऐकायची नाही. तिच्याकडे छापील पुरावा आहे आणि तो तिला तू दिलायस.

तुझीच, रागावलेली असले तरी तुझीच,
नाहिदताई