सोडा म्हणेपर्यंत दोर

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७
संकल्प: यंदा नाव पाण्यात. मीच डिझाइन केलेली, जाड पीव्हीसी पाइपांची. आयटीआयमध्ये मुलांना ड्रॉइंग शिकवण्यात एकोणीस वर्षं गेली. आता स्वतःचं काही.
जीवराम आबांना पहिलं पत्र टाकलं. शिंदखेडा तालुक्यात तापीकाठी राहतात, पन्नास वर्षं नावा बांधतात. फोन वापरत नाहीत. पत्र नऊ पानी, सोबत चार नकाशे. पुढेमागे हा पत्रव्यवहार कोणीतरी छापेलच, म्हणून झेरॉक्स काढून ठेवली.

१४ जानेवारी
आबांचं उत्तर. पोस्टकार्ड. लिहून देते नात सपना, शब्द आबांचे. 'नकाशा भारी शे. तुमले पवता येस का?'
बस्स. पोहण्याचा इथे काय संबंध? थोर माणसं विषय सोडून बोलतात. उत्तरात गुरुत्वमध्य समजावून सांगितला. सात पानं. झेरॉक्स.

२७ जानेवारी
दुसरं कार्ड. 'ते समजनं. पवता येस का?'
हेमांगी म्हणाली, "अहो, येत नाही म्हणून लिहून टाका ना सरळ. कोणी खाणार आहे का तुम्हाला?" बायकोला टेक्निकल बाजू कळत नाही. नाव चांगली असेल तर पोहायची वेळच येत नाही. तसं सविस्तर कळवलं.
नोंदीसाठी फक्त: नऊ वर्षांचा असताना पाचोऱ्याला मळ्यातल्या विहिरीत वडिलांनी, म्हणजे नानांनी, पाठीला रिकामा डबा बांधून ढकललं होतं. डबा सुटला. यात भीतीचा प्रश्न नाही, गाठ चुकीची होती. आतून पाणी हिरवं दिसतं. आणि सगळे आवाज बंद होतात.

९ फेब्रुवारी
गच्चीवर नाव पूर्ण. मोहिनी शाळेत सांगून आली, "माझे पप्पा एकटे तापी पार करणार." वर्गात बत्तीस मुलं आहेत. 'एकटे' असं मी कधी म्हणालो? बहुतेक जेवताना. दोन-तीनदा.
अकरा वर्षांच्या मुलीला बाप खोटा वाटू नये, एवढंच.

१७ फेब्रुवारी, दुपारी १
कार्ड, या वेळी दोन्ही बाजूंनी भरलेलं. रीत कळवली आहे. 'नाव ज्यानी बनाई, पहिले तो एकलाच बसस. दोर गाव धरस. तो सोडा म्हनस तव्हयच सोडतस. मंग बठ्ठा बसतस. तो बसना नही तर ती नाव नही, खाट शे. २ मार्चले या.'
रीत शास्त्रीय आहे: आधी बनवणारा एकटा, मग सगळे. स्वेटर घातला, थंडीमुळे. (पंखा चालू आहे.)
उलट टपाली लिहिलं की मोहिनीची परीक्षा जवळ आली आहे, माझी कंबर धरली आहे आणि तापीच्या पातळीबद्दल मला शंका आहे.

२७ फेब्रुवारी
कार्ड. 'काठले पानी कंबरभर शे. या.'
चार पेपरांतलं राशीभविष्य वाचलं. जलप्रवास टाळा असं एकातही नाही.

२ मार्च, रविवार. सकाळी ६
जिन्यात नाव अडकेल असा माझा अंदाज होता. अडकली नाही. दोन बोटं जागा उरली. डिझाइन फारच अचूक झालं आहे. टेम्पो खाली उभा आहे.

संध्याकाळी ७
काठावर चाळीसेक माणसं होती. आबांच्या पत्नी आक्काबाई यांनी नावेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. भिकन नावाड्याच्या हातात दोर. मी बसलो. नाव तसूभरही झुकली नाही. आबा म्हणाले, "आते म्हना, सोडा."
मी सांधे तपासले. पुन्हा तपासले. मग वाऱ्याची दिशा पाहिली. आक्काबाईंनी विचारलं, "भाऊ, अंडा उबाडी ऱ्हायनात का?" सगळे हसले. मीही हसलो असावा.
दोनच अक्षरं. तोंडातून येईनात. पाणी हिरवं होतं. हसणं ऐकू यायचं थांबलं.
मला पाच मिनिटं वाटली. हेमांगी म्हणते, चाळीस.
मग मोहिनीने मोबाइल आईकडे दिला आणि पाण्यात उतरली. नावेत चढून माझ्याशेजारी बसली. रीत मोडली. माझे हात दोन्ही बाजूंच्या पाइपांना घट्ट धरून होते. तिने एकेक बोट सोडवलं आणि काठाकडे बघून म्हणाली, "आबा, आज नका सोडू. पप्पांना पोहता येत नाही."
मी तिला हे कधीच सांगितलं नव्हतं.
निष्कर्ष: बांधलेल्या अवस्थेत नाव उत्तम. चाचणी यशस्वी.

१३ मार्च
कार्ड. 'नाव तरी गयी. आते तुमना नंबर. दोर बांधेल शे.'
नाव तरली, हे मलाही माहीत आहे. आबा थकलेत. आता मुद्द्याला धरून लिहीत नाहीत.

१६ मार्च, रविवार. सकाळी ८
पोहण्याचा क्लास लावला. मोठ्यांची बॅच फुल होती, असं घरी सांगितलं. वयोगट सात ते बारा. समाधान सर, वय फार तर चोवीस, म्हणाले, "काका, मुलीला सोडायला आलात का?" म्हटलं, पाण्याच्या अभ्यासासाठी आलोय. त्यांनी पाठीला नारिंगी फ्लोट दिला. गाठ मोहिनीने मारली. दोनदा ओढून पाहिली.
सरांनी हात धरून आत नेलं आणि विचारलं, "सोडू?"
म्हटलं, "नको."
पाणी अडीच फूट. सगळी मुलं माझ्या बाजूने पोहून गेली. एकाने जाताजाता "घाबरू नका, अंकल" म्हटलं.
येताना पोस्टाच्या पेटीपाशी खिशातलं कोरं कार्ड काढलं आणि आबांना तिथेच उभ्याने लिहिलं. दोन शब्द. 'येत नाही.'
झेरॉक्स काढली नाही.