झाकणाला चिकटलेला पहिला अंक

३ मार्च १९३६
जुने कागद जमवणाऱ्यांच्या मंडळाच्या सभेत हार्वी मोयरनं माझी लाज काढली. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या जर्मन माणसांचं जुनं साप्ताहिक 'टाल-बोटे'. त्याचा १७९७चा पहिला अंक मी मांडला, तर हा म्हणतो, "वॉल्टर, ही तर शताब्दीला किराणा दुकानानं छापून फुकट वाटलेली नक्कल! मागं साबणाची जाहिरात बघ." पंचवीस माणसं हसली. मी मोजली.
सूड घेणार. अस्सल अंक मिळवणार आणि त्याला जळवणार.

९ मार्च, दुपार
सापडला! मी जिच्याकडे राहतो त्या मिनी मावशीच्या, वरच्या खोलीतल्या लग्नाच्या पेटीत, झाकणाला आतून खळीनं चिकटवलेला. सहावीपर्यंतच शिकलोय, पण तारीख तीनदा तपासली. साबण नाही.
मावशी म्हणाली, "पेटी आईकडून लेकीकडे जाते. कागदाला हात लावलास तर मोडीन तो हात."
लेक म्हणजे अर्ला. पण तिच्याशी लग्न करतंय कोण? पेटी इथंच राहणार. म्हणजे माझीच.

१० मार्च
किटलीच्या वाफेनं एक कोपरा सोडवला. मावशीनं लाटणं फेकलं. नेम चांगला आहे तिचा.
बेत बदलला. अंक पेटीतच राहू दे. हार्वीला बोलवायचं आणि दाखवायचा नाही.

१५ मार्च
हार्वी आला. "जरा बघू दे रे," म्हणाला. मी म्हटलं, बस. स्वयंपाकघरात दोन तास ताटकळत ठेवला. अर्लाला बजावलं, याला जिन्याकडे फिरकू देऊ नकोस. बिचाऱ्यानं काकवीचा केक तीनदा मागून घेतला. केवढी तडफड!

५ एप्रिल
आता दर रविवारी येतो. अंकाचं नावसुद्धा काढत नाही. पार खचलाय. आज टाय लावून आला होता. अर्लाही पहारा मन लावून करते. नवा फ्रॉक शिवलाय.

१० मे
हार्वीनं फुलं आणली. लाच! अर्लाला सांगितलं, फुलं घे, पण विरघळू नकोस. मावशी हसता हसता खुर्चीत बसली. म्हणाली, "वॉल्टर, तुझ्यासारखा भाचा प्रत्येक घरात हवा." उशिरा का होईना, कदर झाली.

२४ मे
चर्चमध्ये हार्वी आणि अर्लाच्या ठरलेल्या लग्नाची घोषणा वाचली गेली. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

६ जून
लग्न झालं. पेटी उतरवायला एक माणूस कमी पडला. जड बाजू मी धरली. हार्वी खालून ओरडला, "मेव्हण्या, झाकण सांभाळ! एक कोपरा कुणीतरी सोडवलाय."

२१ जून
हार्वीकडे गेलो. म्हटलं, अंक जरा बघू दे.
"बस," म्हणाला.
दोन तास स्वयंपाकघरात. केक दोनदा घेतला. अर्ला जिन्याच्या पायरीवर विणत बसली होती. एकदाही उठली नाही.
पहारा चोख. शिकवलेला मीच.