चुंवीनीच्या 'अनोळखी इसमा'च्या जागी माझे नाव लिहिण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय पोलीस प्रमुख,
किसिवानी उपविभाग,
केनिया किनारपट्टी.

अर्जदार : सिदी कहिंदी मरांगा, वय ६१, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, रा. चुंवीनी.

विषय : दि. १४ मार्चच्या मिठागर प्रकरणातील 'अनोळखी चिथावणीखोर इसम' म्हणून मला अटक होणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे चार अर्ज. चारही अनुत्तरित.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की,

१. मी चुंवीनीच्या शाळेत चौतीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. निवृत्तीनंतर गेली पाच वर्षे माझ्या परसातल्या काजूच्या झाडाखाली दर शनिवारी गावातल्या तरुण मुलामुलींना शिकवते. तक्रार कशी लिहावी, पोचपावती कशी मागावी, म्हाताऱ्या माणसाची साक्ष त्याच्याच शब्दांत कशी टिपावी, साहेबाने दरडावले तर आवाज न चढवता तोच प्रश्न पुन्हा कसा विचारावा, एवढेच आमचे शिक्षण. आतापर्यंत बावीस जण शिकून गेले. सध्या सहा आहेत. त्यांतली एक, कादझो चारो, वय २१, आपल्या ताब्यात आहे.

२. मिठागराचे बांध वस्तीपर्यंत आले तेव्हापासून आमच्या विहिरी खारट झाल्या, हे आपल्या कार्यालयास ठाऊक आहे. कादझो पहाटे नाक्यावर महामरी, म्हणजे आमच्याकडच्या गोड पुऱ्या, तळून विकायची आणि कढई उतरली की वही घेऊन विहीर न् विहीर फिरायची. तेवीस विहिरींपैकी सतरा तिने स्वतः पाणी पिऊन तपासल्या. दि. १४ मार्च रोजी सहाही मुले त्या सतरा विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून, प्रत्येक बाटलीवर विहीरमालकाचे नाव चिकटवून, मिठागराच्या फाटकावर गेली. व्यवस्थापकाने एक घोट प्यावा आणि प्यायल्याची सही द्यावी, एवढीच मागणी होती. तीन दिवस आधी ठाण्यात लेखी सूचना दिली होती. तिच्या प्रतीवर आपल्या ठाण्याचा शिक्का आहे.

३. पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. जमलेली माणसे आणि बाकीची पाच मुले बांधावरून पळाली. कादझो पळाली नाही. तिच्यावर पाण्याचा पंप फोडल्याचा आरोप आहे. सदर पंप फाटकापासून दोन किलोमीटरवर, खाडीच्या पलीकडे आहे. कागदात पुढे असेही लिहिले आहे की, तिला 'एका अनोळखी इसमाने चिथावले व तो पळून गेला'. हा इसम सापडेपर्यंत तपास अपुरा, आणि तपास अपुरा म्हणून तारीख पुढे, असे चार वेळा झाले. तिला सांगण्यात आले आहे की, नाव सांग आणि घरी जा. ती सांगत नाही.

४. म्हणून मी स्वतः नाव सांगायला ठाण्यात गेले. एकूण सात वेळा गेले. ठाणे अंमलदार श्री. म्वातेला यांनी मला दर वेळी बाकावर बसवले, चहा दिला, पण नोंद घेतली नाही. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देते, कारण मी मुलांना तसेच शिकवते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही अनोळखी कशा? मला पहिलीत अक्षरं तुम्ही गिरवायला लावलीत. ओळखीच्या माणसाला मी अनोळखी म्हणून आत टाकू?" मी म्हटले, "मग ओळखीची म्हणून टाक." ते म्हणाले, "तशी जागा नाही ना कागदात. आणि तो इसम पुरुष आहे, तिशीचा, टोपीवाला. तुमची टोपी कुठाय?" सहाव्या वेळी मी टोपी घालून गेले. त्यांनी ती माझ्या डोक्यावरून काढून हातात दिली आणि म्हणाले, "बाई, घरी जा. माझी नोकरी घालवाल." त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. हस्ताक्षर अजून चांगले आहे.

५. महिलांचे कारागृह येथून सत्तर किलोमीटर आहे. मला तिथे तीनदा भेट मिळाली. पहिल्या भेटीत कादझो हसत होती. दुसऱ्या भेटीत खोकत होती. तिसऱ्या भेटीत तिने जाळीला डोके टेकवले. मी म्हटले, "माझं नाव घे. मी सांगते ना, घे." ती म्हणाली, "दुसऱ्याचं नाव द्यायचं नाही, हे कुणी शिकवलं?" मी म्हटले, "मीच शिकवलं आणि मीच मागे घेते." ती म्हणाली, "असं परीक्षेच्या मध्ये पुस्तक बदलता येत नाही, बाई." मग तिला खोकल्याची उबळ आली आणि पहारेकरीण म्हणाली, "वेळ संपली." वेळ संपली नव्हती. खोकला तिलाही ऐकवत नव्हता.

६. कादझोची आई दामा माझ्याशी आता बोलत नाही. शेवटचे बोलली ते माझ्या दारात, डोक्यावर रिकामा हंडा घेऊन. "माझ्या पोरीला कायदा शिकवलात, लिहायला शिकवलंत, उभं राहायला शिकवलंत. चार पावलं पळायला शिकवलं असतंत तर तुमचं काय गेलं असतं?" या मुद्द्यावर आपल्या कार्यालयाकडे काही उत्तर असल्यास कळवावे. मी ते दामापर्यंत पोहोचवीन.

७. मीच चिथावणीखोर असल्याचे पुरावे असे. बाटल्यांची कल्पना माझी. चिठ्ठ्यांवरचे अक्षर माझे. कादझोच्या वहीच्या पहिल्या पानावर 'पळू नका, पळणारा गुन्हेगार दिसतो. हात दिसतील असे ठेवा, आपले नाव स्पष्ट सांगा' हे मी लिहून दिले आहे व खाली माझी सही आहे. याहून ठळक चिथावणी या तालुक्यात दुसऱ्या कुणी केली असेल असे मला वाटत नाही.

८. यापुढचे मी आधीच्या चारही अर्जांत लिहिले नाही. दि. १४ मार्च रोजी मी फाटकावर होते. मुलांच्या मागे, सुरूच्या झाडांपाशी. मी केव्हाच घरी गेले असे मुलांना वाटत होते. शिट्टी वाजली, आणि माझे पाय मला न विचारता निघाले. शाळेच्या क्रीडादिनालाही मी कधी धावले नव्हते. त्या दिवशी धावले. बांधावर पोहोचून एकदा वळून पाहिले. कादझो जागच्या जागी होती, दोन्ही हात वर, एका हातात बाटली. ती माझ्याकडेच पाहत होती. 'पळ, पोरी' एवढे दोन शब्द मी ओरडू शकले असते. धाप लागली होती म्हणून राहिले असे नाही. ओरडले असते तर पोलिसांनी माझ्याकडे पाहिले असते.

तेव्हा 'चिथावले व पळून गेला' हे आपल्या कागदातले वाक्य, एक अक्षर सोडल्यास, खरे आहे.

९. गेल्या शनिवारी हे मी उरलेल्या पाचही मुलांना सांगितले आणि वर्ग बंद करते असे म्हटले. काताना म्हणाला, "बाई, तुम्हालाही भीती वाटते हे आधी सांगायचं होतंत. मला वाटायचं, मी एकटाच भित्रा." म्वाका रडत होती. तिने नाक पुसले आणि विचारले, "तिला औषध कोण देतंय?"

१०. सबब विनंती की, (अ) कादझोस उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखवावे. बाकी सर्व नंतर. (ब) 'अनोळखी इसम' खोडून तेथे माझे नाव लिहावे, मला ताब्यात घ्यावे व तिला सोडावे. (क) तसे करता येत नसल्यास, 'अर्जदार ठाण्याच्या पूर्ण ओळखीची आहे' असे लेखी द्यावे. ते मी ३० जूनच्या तारखेस न्यायालयात सादर करीन, म्हणजे अनोळखी कुणी उरणार नाही आणि तारीख पुढे ढकलायला कारणही उरणार नाही. दि. २७ रोजी सकाळी मी दोन लुगडी, चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आपल्या कार्यालयात येत आहे. परतीचे तिकीट काढलेले नाही.

आपल्या पत्राची नव्हे, आपल्या गाडीची वाट पाहणारी,

(सही)
सिदी कहिंदी मरांगा
चुंवीनी, दि. २३ जून २०२२

सोबत :
१) शिक्का असलेल्या सूचनेची प्रत
२) वहीचे पहिले पान
३) त्या सतरांपैकी एका, बाकरी काका यांच्या विहिरीचे पाणी, एक बाटली

टीप : हा अर्ज पाठवण्यापूर्वी मुलांनी तपासला आहे. 'कृपा करून' हे शब्द त्यांनी तीन ठिकाणी खोडले, आणि हक्काच्या गोष्टीसाठी कृपा मागू नये असे समासात लिहिले. ते बरोबर आहे, मीच शिकवले आहे. तरी मुले गेल्यावर डॉक्टरच्या मागणीपुरते ते शब्द मी इथे परत लिहिते. कृपा करून.