मेथीची वाटी, शेजारची साखर

आई, मी तुझा थोरला मुलगा. वाणिज्य शाखेचा पदवीधर, बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात हिशेब तपासणारा, तुझी सून गेल्यापासून महाडात एकटा राहणारा. तुला एवढेच कळवायचे आहे की बाबांचा मधुमेह आता माझ्याकडे आला आहे, आणि तुझी मेथीही.

मेथी भिजत घालताना आपले पोलादपूरचे स्वयंपाकघर समोर येते. चुलीजवळ पाटावर बाबा बसले आहेत, पितळी वाटीत फुगलेले दाणे आहेत. "गो, ह्ये माणसानं खायचं हाय का गुरानं?" ते विचारतात. "गुरं बरी. तोंड तरी वाकडं करत नायत," तू म्हणतेस आणि आधी स्वतःच चमचाभर तोंडात टाकतेस. "तुला कुठं साखर हाय?" "नाय. पण तुम्ही एकटे चावत बसलेले मला बघवत नाय. घ्या." एकदा बाबांनी गोळी सोडण्याची भाषा केली; एवढे कडू खाल्ल्यावर गोळी कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. तू वाटीच काढून घेतलीस. "मेथी हाय ती, डाक्टर नाय. आधी गोळी."

इथल्या डॉक्टरांनीही मला तेच सांगितले: मेथी, दालचिनी, कारले यांची थोडीफार मदत होऊ शकते, सर्वांनाच होते असे नाही, गोळी चालूच ठेवायची आणि सोबत जे घ्याल ते मला कळवायचे. मी मेथीचे कळवले. कारल्याचा रस मात्र नंतर माझ्या मताने सुरू केला. गेल्या रविवारी गोळी घेतली, मेथी चावली, रस प्यायलो, आणि एकट्यासाठी गॅस कशाला पेटवायचा म्हणून न्याहारी टाळली. काही वेळाने घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर उतरली हे कळले. परंतु घरात साखर नव्हती. निदान झाले त्याच दिवशी मी साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला होता. नियम म्हणजे नियम.

भिंत धरून शेजारचे दार गाठले. शेजारीण उमरठची, तुझ्याच बोलीची. "काका, तुमचीच साखर हाय ही, मुकाट्यानं खा! डबा कोण देऊन टाकतं का? पाव्हणं आलं तर चहात काय घालाल?" पाहुणे येत नाहीत, हे मी तिला सांगितले नाही. तिने मला घरी आणून बसवले, भाकरी पुढे ठेवली आणि मी खातो की नाही ते बघत समोर बसली. बसल्या बसल्या वाटीत उरलेले चार दाणे उचलून तिने तोंडात टाकले. "शी! ह्ये रोज खाता?"

आता कारले बंद आहे, डॉक्टरांना सर्व सांगितले आहे, साखरेचा डबा फडताळात परत आला आहे. हे पत्र कोठेच जाणार नाही, म्हणून एवढे आणखी लिहून ठेवतो. निघताना तिने विचारले, "काका, थांबलं का थरथरायचं? जाऊ मी?"

मी म्हणालो, "अजून नाही."

थांबले होते, आई.

तुझा थोरला
महाड, पुन्हा रविवार