धाकटीला परवानगी

३ जून

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

तू बसवून दिलेला घरचा सर्व्हर बांधणीच्या टेबलाखाली घूं घूं करतोय, म्हणजे जिवंत असावा. पण थोरलीचा तिच्या घरून फोन आला. तिला फोटो दिसतात, आईने शेवटच्या वर्षी आपल्या आवाजात वाचून ठेवलेल्या गोष्टी मात्र लागत नाहीत. पान सापडत नाही, असं येतं म्हणे. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, माझ्या हातून कधी पान हरवलं नाही. फोनवर तू सांगतोस ते मला ऐकू येत नाही आणि आलं तरी कळत नाही. पत्रानेच कळव, आणि माणसाच्या भाषेत. आईचा आवाज गेला तर नाही ना, एवढीच धास्ती आहे.

लोभ आहेच, उत्तरही असू दे.

बाबा

९ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आवाज कुठेही गेलेला नाही. सर्व्हरला दोन हार्ड डिस्क आहेत. जुनीवर मी ‘थोरली’ अशी चिठ्ठी लावली आहे, मागून आणलेलीवर ‘धाकटी’. सर्व्हर फक्त थोरलीत बघतो. धाकटी त्याच घरात आहे, पण त्याच्या लेखी ती नाहीच. आणि आईचा आवाज सगळा धाकटीकडे आहे.

तेव्हा धाकटीचा पत्ता थोरलीत नोंदवायचा आणि मग धाकटीला परवानगी द्यायची. नुसता पत्ता असून भागत नाही, परवानगीवाचून सगळं दारातच अडतं. कुठे काय दाबायचं ते मागच्या पानावर लिहिलंय. अवघड काही नाही, फक्त मनावर घ्या.

लोभ आहे तसाच ठेवावा.

आपला बंडू

१७ जून

चि. बंडूस आशीर्वाद.

पत्र डिस्कबद्दल आहे असं समजून वाचलं, काही कळलं नाही. पुन्हा वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लेकी बोले सुने लागे! बापाला तोंडावर बोलायची हिंमत होईना, म्हणून डब्यांना बहिणींची नावं दिलीस होय? मग मागचं पान वाचलंच नाही.

सहा वर्षांपूर्वी धाकटी आपलं दुकान सोडून दुसऱ्या बांधणीवाल्याकडे गेली, तेव्हा या घराची पायरी चढू नकोस म्हणालो तो मीच. आईच्या आजारपणात मी दुकानात असताना ती येऊन बसायची, आईचा आवाज तिनेच भरून घेतला, हे मला माहीत होतं. माहीत नसल्यासारखं केलं. आईचा आवाज सगळा धाकटीकडे आहे, ही तुझी ओळ तीनदा वाचली बघ.

थोरलीला धाकटीचा पत्ता नोंदवायला सांगणार होतो, तर तिच्याकडे तो होताच. नव्हता तो माझ्याकडेच. मग धाकटीला कार्ड टाकलं, परवानगी आहे, ये. आणखी काय लिहावं सुचेना. बरोबर केलं ना? सर्व्हर अजून तसाच आहे.

लोभ कमी करू नकोस.

बाबा

२ जुलै

ती. बंडूदादास सा. न. वि. वि.

मला घरी येऊन चार दिवस झाले. बाबांनी दार उघडलं, सर्व्हर बिघडलाय म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. नंतर तुझं पत्र मला कौतुकाने वाचायला दिलं. तू खरोखरच डिस्कबद्दल लिहिलंयस हे मी लगेच ओळखलं. आडून बोलण्याइतकी अक्कल तुझ्यात कुठली? त्यांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, माझी शपथ आहे.

मागचं पान मी वाचलं. दहा मिनिटांचं काम आहे. पण बाबा रोज सकाळी स्टूल ओढून शेजारी बसतात आणि मला सगळं चुकीचं समजावतात. आवाज लागला की राहायला निमित्त उरणार नाही, म्हणून मी रोज थोडं बिघडवून ठेवते. थोरलीला म्हणावं, जरा कळ काढ.

काल बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, की घाई करू नकोस, नीट व्हायला वर्ष लागलं तरी चालेल.

लोभ करतोसच, तो वाढव.

तुझी धाकटी